खेळ, कीं खेळाची दुकानदारी?

मोबाइलवरील खेळांसंबंधानें आपल्या सुशिक्षित घरांत हल्लीं दोनच मतें ऐकूं येतात. पहिलें असें कीं, हे खेळ म्हणजे मुलांच्या अभ्यासांत माजलेलें तण असून तें समूळ उपटल्यावांचून पुढच्या पिढीची धडगत नाहीं. दुसरें असें कीं, दिवसभराच्या कामानें शिणलेल्या माणसानें घटकाभर रंगीत गोळ्या जुळविल्या तर त्यांत कोणाचें काय गेलें? पहिलें मत सभासंमेलनांत मांडण्याचें असतें व दुसरें घरीं आचरण्याचें असतें. आणि पुष्कळ वेळां दोन्ही मतें एकाच गृहस्थाचीं असतात. या दोन्ही पक्षांशीं माझें भांडण आहे. पहिल्या पक्षानें हे खेळ खेळून पाहिलेले नाहींत, आणि दुसऱ्यानें ते खेळतांना डोळे उघडे ठेविलेले नाहींत.

मीं ते खेळून पाहिले आहेत. गेल्या दीड वर्षांत लोकलच्या डब्यांत, दवाखान्याच्या बांकावर, लग्नमंडपांत पंगत बसण्याची वाट पाहतांना, जेथें जेथें रिकामे क्षण सांपडले तेथें तेथें मीं जुनेनवे पंधरा-वीस खेळ चाळून पाहिले. कांहीं शेवटपर्यंत नेले, कांहीं दुसऱ्याच दिवशीं पुसून टाकले. या उद्योगाबद्दल कोणी मला नांवें ठेविलीं तर त्याची मला पर्वा नाहीं. नाटक न पाहतां नाट्यपरीक्षण लिहिणाराला आपण काय म्हणतों? मग खेळ न खेळतां खेळांवर व्याख्यानें झोडणाराला निराळा न्याय कां लावावा? माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, मूल किती तास खेळलें हा प्रश्न दुय्यम आहे. ज्यानें खेळ रचला त्याची प्राप्ति खेळणाराच्या आनंदांतून होते कीं त्याच्या तळमळींतून होते, हा पहिला प्रश्न आहे. आणि तो विचारण्याची आपणांस संवयच नाहीं.

खेळाचा तिटकारा हा कांहीं आपल्या परंपरेचा भाग नव्हे. सोंगट्या, बुद्धिबळें, सावंतवाडीस रंगविली जाणारी गंजिफा, मंगळागौरीच्या रात्रीचे खेळ, हें सर्व आपल्या घरांत उजळ माथ्यानें नांदत आलें. परंतु त्याच घरांना खेळ आणि द्यूत यांमधील रेघहि ठाऊक होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याचा विलाप सांगणारें एक सबंध सूक्त आहे, आणि सभापर्वांतील उत्पात तर फांशांवरूनच झाला. ही रेघ फांशांच्या अंगावर कोरलेली नव्हती. तेच फांसे माजघरांत पडले तर खेळ, व अड्ड्यावर पडले तर जुगार. अड्ड्यावर एक तिसरा मनुष्य बसलेला असतो. तो स्वतः खेळत नाहीं. परंतु कोणीहि जिंको वा हरो, डाव चालूं राहिला कीं त्याला नाल मिळते. डाव संपूं नये व उठणारानें उठूं नये, एवढीच त्याची इच्छा. आजच्या बहुतेक ‘मोफत’ खेळांत हा नाल घेणारा पडद्यामागें बसलेला आहे, असा माझा अनुभव आहे.

सगळ्याच खेळांत तो नाहीं. १९९७ सालीं नोकियाच्या ६११० या फोनवर ‘स्नेक’ नांवाचा खेळ आला. टानेली अरमान्टो या नोकियाच्याच अभियंत्यानें तो तयार केला होता. आजच्या मुलांना तो दाखविला तर तीं हंसतील, इतका तो दरिद्री दिसतो: फिकट हिरव्या पडद्यावर काळ्या ठिपक्यांची एक रांग, तिला साप म्हणावयाचें. तो खातो तसा वाढतो, आणि वाढला कीं वळतांना स्वतःच्याच अंगावर आदळून मरतो. मीं तो पुनः मिळवून खेळलों तेव्हां एका गोष्टीचें विशेष वाटलें. साप मेला कीं खेळ कांहींएक बोलत नाहीं. सांत्वन नाहीं, आमिष नाहीं, ‘उद्यां या’ असा आग्रह नाहीं. फोन विकला गेला तेव्हांच कंपनीचा व्यवहार पुरा झालेला होता. माझा साप सातव्या सेकंदाला मेला काय किंवा सातव्या मिनिटाला मेला काय, फिनलंडांतील कोणाच्याहि कीर्दींत त्यामुळें एका पैचा फरक पडत नव्हता. माझें मरण सर्वस्वीं माझें होतें.

पुढें काय बदललें हें पाहण्यास त्याच देशांतील दुसरें उदाहरण घेऊं. रोव्हिओ या कंपनीनें २००९ च्या डिसेंबरांत ‘अँग्री बर्ड्स’ बाजारांत आणला, तेव्हां तो सुमारें एका डॉलरला विकत मिळे. बेचकींतून पांखरें फेकून डुकरांचे लांकडी मनोरे पाडावयाचे, एवढीच त्याची कथा. पण त्यांत एक फार शहाणी गोष्ट होती. फेक चुकली कीं त्या फेकीची ठिपक्यांची कमान पडद्यावर तशीच राही, आणि तिच्यावरून पुढची फेक किती वर, किती खालीं, हें ठरवितां येई. डाव फसला तर लगेच पुनः मांडावा. दहादां, शंभरदां, कोणी मोजीत नसे. चुकीला शिक्षा नव्हती आणि चुकीचा हिशेब मात्र डोळ्यांपुढें होता. यापेक्षां चांगली शिकवणी मला तरी शाळेंत मिळाली नाहीं. २०१५ च्या जुलैंत याच खेळाचा दुसरा अवतार निघाला. पांखरें तींच, बेचकी तीच, रंग तर पहिल्याहून सुरेख. आणि किंमत शून्य! मात्र आतां खेळणाराला मोजके ‘जीव’ मिळूं लागले. डाव फसले, जीव संपले, कीं एकतर वाट पाहावी किंवा रत्नें खर्चावीं. चूक करण्याचा जो हक्क पूर्वीं डॉलराबरोबर एकदांच मिळून जात होता, तो आतां सुटा विकावयास मांडला गेला. घडलेली गोष्ट एवढीच कीं, ॲपल कंपनीनें २००९ च्या ऑक्टोबरांत मोफत ॲपच्या पोटांतहि विक्री करण्याची परवानगी दिलेली होती, आणि मधल्या काळांत खेळ विकण्यापेक्षां खेळणारालाच थोडें थोडें करून विकावें हें अधिक किफायतीचें आहे, हा शोध हळूहळू सर्वांस लागला.

आतां ज्या खेळानें घरांतील वडील मंडळींची दुपार काबीज केली, त्या ‘कँडी क्रश सागा’कडे वळूं. ‘किंग’ या कंपनीनें तो २०१२ सालीं प्रथम फेसबुकवर व त्याच वर्षाच्या अखेरीस मोबाइलवर आणला. शेजारच्या दोन गोळ्यांची अदलाबदल करून एका रंगाच्या तीन जुळविल्या कीं त्या फुटतात, वरच्या खालीं घसरतात, आणि त्या घसरण्यांत आणखी कांहीं आपोआप जुळल्या तर त्याहि फुटतात. हा खेळ कुरूप आहे असें मी म्हणणार नाहीं. रंग, फुटण्याचा आवाज, गोळ्या घसरण्याची गति, यांवर कोणी तरी जाणत्यानें मेहनत घेतली आहे. परंतु त्याची स्तुति करण्याची रीत पाहा. मीं चांगला विचार करून एक चाल केली, तिनें तीन गोळ्या फुटल्या, खेळ गप्प. पुढच्या खेपेस कांहीं न सुचून कोठें तरी बोट फिरविलें आणि दैवयोगानें वरून पडणाऱ्या गोळ्यांची माळच लागली. तेव्हां एक भारदस्त आवाज ‘डिव्हाइन’ म्हणून माझा गौरव करूं लागला! ज्या गौरवाला मी पात्र होतों तो मिळाला नाहीं, आणि जो मिळाला त्याला मी पात्र नव्हतों. जो पंतोजी बरोबर सोडविलेल्या गणिताकडे ढुंकून पाहत नाहीं व चुकून जुळलेल्या उत्तराला टाळ्या पिटतो, त्याच्या वर्गांत मुलाला गणिताची गोडी लागेल कीं टाळ्यांची?

ही रीत अजाणतेपणीं आलेली आहे, असें मानण्याइतके आपण भोळे नसावें. बक्षीस दर खेपेस न देतां अनियमित रीतीनें दिलें, तर प्राणी तीच क्रिया अधिक चिकाटीनें करीत राहतो, हें अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यानें कबुतरांवर प्रयोग करून दाखविलें होतें, व १९५७ सालीं फर्स्टर याच्यासह त्यावर मोठा ग्रंथहि लिहिला होता. कबुतर चोंच मारीत बसतें, आपण बोट फिरवीत बसतों.

त्यांतच जिवांची गोष्ट. या खेळांत एका वेळीं पांच जीव असतात. एक गेला तर त्याची भरपाई तीस मिनिटांनीं होते. पांचहि गेले तर सर्व परत मिळण्यास पुरे अडीच तास लागतात. ज्यांना तेवढा धीर नसेल त्यांनीं सोयऱ्याधायऱ्यांकडे जीव मागावे किंवा पैसे भरावे. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाई, ज्यांनीं उभ्या जन्मांत शेजारणीकडे विरजणहि मागितलें नसेल, त्या भाच्यांना व जुन्या विद्यार्थ्यांना ‘एक लाइफ पाठवा’ म्हणून निरोप धाडूं लागल्या, तेव्हां मला हंसूं आलें आणि वाईटहि वाटलें. हीं तीस मिनिटें आलीं कोठून? यंत्र थकत नाहीं. गोळ्यांचा सांठा संपत नाहीं. कोणा कारागिराला विश्रांति द्यावयाची नाहीं. ही प्रतीक्षा मुद्दाम निर्माण केलेली आहे, आणि जो ती निर्माण करतो तोच तिच्यावरचें औषध विकतो. गांवच्या विहिरीला कुलूप घालावें आणि काठावर पाण्याचें दुकान थाटावें, तसा हा प्रकार झाला. पैसे न देतांहि हा खेळ खेळतां येतो, हें मला मान्य आहे. पण तहानेला मोल यावें म्हणून कुलूप घातलें गेलें, ही गोष्ट त्यामुळें बदलत नाहीं.

याहून पुढची मजल मला एका किल्ले बांधण्याच्या खेळांत दिसली. त्याचें नांव देण्याचें कारण नाहीं. त्याच्या जातीचे शेंकडों आहेत. पहिला तट दहा सेकंदांत उभा राहिला, दुसरा दोन मिनिटांत, आणि आठवड्याच्या शेवटीं एका बुरुजाला सोळा तास लागूं लागले. तो लौकर पुरा करावयाचा तर रुपये देऊन हिरवीं रत्नें घ्यावयाचीं, रत्नें देऊन सोन्याचीं नाणीं, आणि नाण्यांनीं दगड. इतके हात फिरल्यावर बुरुजाची रुपयांत किंमत काय पडली हें कोणाच्या ध्यानांत राहावें? मीं मुद्दाम कागद घेऊन त्रैराशिक मांडलें; एका बुरुजाला एकशें चाळीस रुपये पडत होते. रत्नें मिळत तीं ऐंशींच्या किंवा पांचशेंच्या थैलींत. हवी असलेली वस्तु मात्र नेमकी शंभराची निघे. शिवाय रोज एक बंद पेटी फुकट. तिच्यांत काय निघेल तें कळावयाचें नाहीं, आणि एक दिवस खंड पडला तर बक्षिसांची सांखळी पहिल्यापासून सुरू. रात्रीं साडेअकरा वाजतां फोन थरथरला म्हणून पाहिलें, तों निरोप आला होता कीं माझा किल्ला असुरक्षित आहे. मी ज्या इमारतींत राहतों तिच्या गळक्या छपराची चौकशी इतक्या तत्परतेनें अद्याप कोणीहि केलेली नाहीं!

असल्या बंद पेट्या विकत देणें हा जुगारच होय, असा निर्णय बेल्जियमच्या द्यूतनियंत्रक मंडळानें २०१८ सालीं कांहीं प्रसिद्ध खेळांविषयीं दिला. अमेरिकेंत ‘फोर्टनाइट’ काढणाऱ्या एपिक कंपनीवर असा आरोप आला कीं, तिनें फसव्या रचनेच्या बटणांनीं लोकांना नको असलेल्या खरेदींत ओढलें. त्या प्रकरणीं २०२२ च्या डिसेंबरांत २४.५ कोटि डॉलर ग्राहकांना परत करण्याची तडजोड झाली. तेव्हां ही ओरड माझ्या एकट्याची आहे असें समजूं नये.

येथें प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र खरोखर विचारार्ह आहे. खेळ करणारांनीं पोट कसें भरावें? चित्रकार, संगीतकार, गणिती, अशा दहा जणांनीं वर्षभर खपून केलेली वस्तु त्यांनीं धर्मार्थ वांटावी काय? मुळींच नाहीं. आणि येथें खटला ग्राहकावर, म्हणजे तुमच्या-आमच्यावर, उलटतो. लंडनच्या ‘असटू’ या मंडळीनें २०१४ सालीं ‘मॉन्युमेंट व्हॅली’ नांवाचा खेळ काढला. त्यांत एक मुकी राजकन्या अशा इमारतींतून चालत जाते कीं ज्यांचे जिने भूमितीला अशक्य आहेत. एशर या डच चित्रकाराच्या चित्रांची आठवण व्हावी, अशी ती रचना. इमारत फिरविली कीं तुटलेला पूल नजरेच्या कोनानें सांधला जातो आणि राजकन्या त्यावरून निर्धास्त निघून जाते. मीं तो दोन संध्याकाळींत संपविला. होय, संपविला, त्याला दहा प्रकरणें आहेत व दहाव्यानंतर तो संपतो, जशी कादंबरी संपते. पैसे आरंभींच घेतलेले असल्यामुळें मला रेंगाळत ठेवण्यांत कोणाचा लाभ नव्हता. त्याच वर्षीं कर्त्यांनीं आणखी कांहीं प्रकरणें रचून तीं सुमारें दोन डॉलरांना विकावयास ठेविलीं, तेव्हां काय व्हावें? ‘पुनः पैसे मागतात’ म्हणून संतापलेल्या लोकांनीं त्याला एक-एक तारा देऊन त्याची विटंबना केली! चित्रपटगृहांत मक्याच्या लाह्यांना तीनशें रुपये मुकाट्यानें मोजणारा आपला वर्ग खेळाला दीडशें रुपये म्हटले कीं लुटलों गेलों असें ओरडतो. प्रामाणिक दुकानाकडे पाठ फिरवून ‘फुकट’ पाटी असलेल्या अड्ड्यांत आपण आपल्या पायांनीं शिरलों आहों.

आणि फुकट कोणाला? या धंद्यांत खेळणारांपैकीं फार थोडे पैसे देतात, आणि त्या थोड्यांतील मूठभर अतोनात देतात. धंद्याच्या बोलींत या मूठभरांना ‘व्हेल’, म्हणजे देवमासे, असें म्हणतात. हा शब्द कोणा शत्रूनें योजलेला नसून धंदेवाइकांनींच रूढ केलेला आहे, आणि त्यांत शिकारीची कल्पना उघड आहे. आपण जे पैसे न देतां खेळतों ते फार तर त्या समुद्राचें पाणी. एखादा एकटा पडलेला तरुण, एखादी झोप उडालेली बाई, एखादा बापाच्या कार्डाचा आंकडा पाठ असलेला मुलगा, यांपैकीं कोण या जाळ्यांत देवमासा म्हणून सांपडेल हें आधीं सांगतां येत नाहीं. माझा घटकाभराचा विरंगुळा अशा कोणा अपरिचिताच्या खर्चानें चालतो, ही गोष्ट एकदां कळल्यावर मला तरी तो विरंगुळा गोड लागेना.

तासांचें कोष्टक हा यावर उपाय नव्हे. चीननें २०२१ च्या ऑगस्टमध्यें अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशीं रात्रीं आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाइन खेळण्याची मुभा ठेविली. या नियमाला घड्याळ कळतें, खेळ कळत नाहीं. आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें केलेला कायदा अधिक नेमका आहे. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ त्यानें निषिद्ध ठरविले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. परंतु वर सांगितलेल्या किल्ल्याच्या खेळांत पैसे जिंकण्याची आशा कोणीच दाखवीत नाहीं. तेथें पैसे केवळ जातात. जो अड्डा कधीं कधीं कांहीं परत देत असे त्याला कुलूप लागलें, आणि जो मुळींच देत नाहीं तो निर्दोष मनोरंजन म्हणून मिरवीत राहिला.

हें सर्व लिहितांना २०२० सालच्या टाळेबंदींतील एक दृश्य मी विसरूं शकत नाहीं. ‘लुडो किंग’ हा खेळ नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीनें २०१६ सालींच काढलेला होता, पण तो घराघरांत शिरला तो त्या दिवसांत. आपली पचीशी इंग्लंडांत गेली, तेथें १८९६ सालीं लुडो या नांवानें तिचें पेटंट घेतलें गेलें, आणि सव्वाशें वर्षांनीं ती नवी मुंबईच्या मार्गानें फोनवर बसून घरीं परत आली! आमच्या घरांतील एकजण पुण्यांत, दुसरा इंदुरांत, तिसरी मेलबर्नला; रोज रात्रीं एकमेकांच्या सोंगट्या मारण्यांत आम्हीं जो कल्ला केला तसा एका छपराखालीं असतांना कधीं केला नव्हता. मधून मधून जाहिराती येत, त्या सोसल्या. माझ्या मोबाइलवरील खेळांच्या आठवणींत ही आठवण सर्वांत निर्मळ आहे, आणि म्हणूनच सरसकट निंदा करणाऱ्या पक्षाशीं माझें जुळत नाहीं. तसेंच ‘लीचेस’चें. फ्रान्समधील तिबो द्युप्लेसी यानें २०१० सालीं सुरू केलेलें हें बुद्धिबळाचें ठिकाण देणग्यांवर चालतें. तेथें जाहिरात नाहीं, रत्नें नाहींत, जीव नाहींत. खेळावयाचें, हरावयाचें, आणि कोणती चाल चुकली तें पाहावयाचें. फुकट या शब्दाचा खरा अर्थ तेथें कळतो.

तेव्हां माझी मागणी एवढीच आहे कीं, मासिकांनीं ग्रंथांच्या व नाटकांच्या शेजारीं या खेळांचेंहि परीक्षण छापावें: खेळ कोणी रचला, तो संपतो कीं नाहीं, चुकलें असतां काय शिकवतो, कोणत्या क्षणीं पैसे मागतो. असल्या क्षुद्र वस्तूला हा मान कशाला, असें कोणी विचारील. त्याला माझें उत्तर असें कीं, कादंबरी मराठींत नुकती पाय रोवीत होती तेव्हां, १८७२ सालीं, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं ‘नावल’ व नाटक यांविषयीं स्वतंत्र निबंध लिहिला. वस्तु प्रौढ होईपर्यंत टीकाकारानें थांबावें, असें त्यांना वाटलें नाहीं.

मला असें परीक्षण लिहावयाचें झालें तर मी ‘फ्लॅपी बर्ड’पासून आरंभ करीन. व्हिएतनामच्या डाँग न्विन या तरुणानें २०१३ च्या मेमध्यें तो एकट्यानें काढला. नळांच्या फटींतून एक लठ्ठ पांखरूं नेण्याचा हा खेळ रूपानें ओबडधोबड, आणि इतका अवघड कीं पहिल्या दिवशीं माझी मजल तिसऱ्या नळापुढें गेली नाहीं. पण त्यांत विकत घेण्यासारखें कांहींच नव्हतें. वर एक जाहिरातीची पट्टी, बस्स. पुढच्या वर्षाच्या आरंभीं जगभर त्याचें वेड पसरलें, तेव्हां लोक आपल्या खेळाच्या आहारीं जात आहेत हें सहन होत नाहीं, असें सांगून या गृहस्थानें २०१४ च्या फेब्रुवारींत, भर चलतीच्या दिवसांत, तो बाजारांतून काढून घेतला. त्याबरोबर ज्यांच्या फोनवर तो आधींच उतरविलेला होता त्यांतील कित्येकांनीं आपले वापरलेले फोन इंटरनेटवर वाटेल त्या किमतीला विकावयास काढले.